सातवा जिझो

१

सकाळी दहा बावन्नला कागदावर सात चित्रं होती. अकरा पन्नासला सहा उरली.

गुणवंत सबनीसांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि वर म्हणाले, "मुकादम मॅडम, यल्ला, असाल तशा निघा. सगळ्यांना आत थांबवून ठेवलंय. पाचपर्यंत वाट बघतो, मग पोलीस."

मी कुलसुम मुकादम. मूळची दापोलीकडची, बावीस वर्षं शारजात. विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करते. जळालेली गॅरेजं, भिजलेले कंटेनर, क्रेनवरून पडलेली यंत्रं. नुकसान कसं झालं ते शोधायचं आणि लिहायचं. अंगठ्याच्या नखाएवढा कागद शोधायला मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं.

सबनीसांचं गोदाम इंडस्ट्रियल एरियात, एका टायरवाल्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याच्या मधोमध. बाहेरून साधी पत्र्याची शेड, आत बँकेसारखे दरवाजे. संग्रहालयांच्या आणि श्रीमंत हौशी लोकांच्या जुन्या वस्तू तिथे ठेवल्या जातात, दुरुस्त होतात, पॅक होतात. सप्टेंबरची दुपार. गाडीपासून दारापर्यंत चाळीस पावलं चालले तर चष्म्याची दांडी कानाला चटका देऊ लागली.

सबनीस दारातच येरझाऱ्या घालत होते. मला बघूनही थांबले नाहीत, मीच त्यांच्याबरोबर चालायला लागले.

"शुक्रवारी प्रदर्शन उघडतंय," ते म्हणाले. "रक्षण करणारे कागद. तावीज, यंत्रं, सगळ्या धर्मांचे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची पेटी जपानहून आली, आज उघडली, आणि तासाभरात हे! मालकीणबाई स्वतः सोबत आल्यात. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"कोण कोण होतं खोलीत?"

"चौघं. मालकीण मिझुता सान. आमची अस्मिता, कागदांची दुरुस्ती तीच करते. फोटोग्राफर रुहान. आणि पेटीचं खोकं उघडायला खैरुद्दीन." सबनीस एकदाचे थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "तसा चोर सापडल्यातच जमा आहे, मॅडम. सगळ्यांनी झडती दिली. एकाने दिली नाही. खैरुद्दीनने. गळ्यातला तावीज उघडू देत नाही. तुमच्याच गावाकडचा आहे, तुम्हीच बोला त्याच्याशी."

'तुमच्याच' हा शब्द मला बोचला. घड्याळात दीड वाजला होता.

२

खैरुद्दीनला मी मुद्दामच शेवटी ठेवलं. आधी खोली बघितली.

ती दाखवायला अस्मिता आली. पुण्याची, पस्तिशीची, बारीक चणीची मुलगी. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. दार कार्डाने उघडतं आणि कोण कधी आत गेलं त्याची नोंद होते. कॅमेरा आहे, पण तो फक्त दाराकडे बघतो, टेबल त्याला दिसत नाही. आत खाणंपिणं बंद. साधी पाण्याची बाटलीसुद्धा दारावरच्या उमर नावाच्या गार्डकडे ठेवावी लागते.

मधल्या टेबलावर ती पेटी होती. लाकडी, काळपट, पाठीवर बांधायच्या पट्ट्यांसकट. तिच्या उघड्या दारातून हाताएवढी एक मूर्ती दिसत होती, सोन्याचा मुलामा अजून चकाकणारी. शेजारी पांढऱ्या टिपकागदावर तो पातळ, पिवळसर कागद. त्यावर शिक्क्यांसारखी सहा छोटी माणसं छापलेली, मुंडण केलेली, हातात काठी. खाली उजवीकडे सातव्याची जागा रिकामी.

डावीकडेही काही चित्रं नव्हती. "ती आधीपासूनच नाहीत," अस्मिता म्हणाली. "कागद मूळ बाराचा असावा. पाच पूर्वीच कापलेली आहेत. यादीत तसं लिहिलंय."

डावीकडची कड कात्रीने कापलेली, सरळ होती. उजवीकडची मात्र कशी ती मला सांगता येईना. कापूस ओढल्यावर राहतो तशी, पिंजलेली. मी वाकून बघितलं. खालचा टिपकागद त्याच ठिकाणी थोडा फुगून आला होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अस्मिताचं सामान होतं. बारीक ब्रश, चिमटा, दुरुस्तीच्या कागदाच्या पट्ट्या, आणि एक काचेची वाटी, कोरडी.

"फोटो काढल्यावर चहाची सुट्टी झाली ना? त्या वेळात कोण कोण आत येऊन गेलं?"

"अकरा बाराला रुहान, त्याची लेन्स राहिली होती. अकरा वीसला काका, म्हणजे खैरुद्दीनकाका, स्क्रूचा डबा न्यायला. अकरा एकतीसला मी, हवेतला ओलावा बघायला. मिझुता सान सगळा वेळ बाहेर चहा घेत होत्या." तिने एका दमात सांगितलं. मग न विचारताच म्हणाली, "काका चोरी करणार नाहीत, मॅडम."

"मग कोणी केली?"

तिने हातमोजे काढले आणि त्यांची घडी केली. बाजूच्या शेडमधून थिनरचा उग्र वास आला, तशी ती चटकन तोंडाला मास्क लावून बाहेर गेली.

३

खैरुद्दीन सोलकर पॅकिंगच्या शेडमध्ये एका खोक्यावर बसला होता. एकोणसाठ वर्षांचा, हाताला लाकडाचा भुसा, दाढी पांढरी. एकतीस वर्षं इथे खोकी बांधतोय. मी सलाम केला आणि गावाचं नाव सांगितलं, तसा त्याने मान वर केली.

"हर्ण्याजवळची काय तू? मग बाय, तूच सांग यांना. तावीज उघडतात काय कोण?"

"उघडत नाहीत," मी म्हणाले. "पण खैरुद्दीनभाय, तो कागद एवढासा आहे. तावीजमध्ये बसेल. लोकांना संशय येणारच."

"येऊ दे." त्याने सदऱ्याच्या आत हात घातला आणि काळ्या दोऱ्यातला चामड्याचा तावीज बाहेर काढला. हातात दिला नाही, पण बघू दिला. "आईने बांधलाय. गल्फात आलो त्या दिवशी. एकतीस वर्षात आंघोळीला पण काढला नाय."

मी चष्मा वर करून बघितलं. शिवण घामाने काळी पडलेली, टाके चामड्यात रुतून गेलेले, वर मेणाचा जुना थर. एक टाका उसवला असता तरी आतला फिका दोरा दिसला असता. तासाभरात काय, वर्षभरात कोणी तो उघडला नव्हता. माझ्या मनाने तिथेच कौल दिला, पण मनाचा कौल रिपोर्टमध्ये चालत नाही. आणि मी दापोलीची, हे सबनीस एकदा बोलून झाले होते.

"त्या जपानी बाईंना तुम्ही काहीतरी विचारत होतात म्हणे. हातवारे करून."

तो थोडा गडबडला. "विचारलं. ती बाय बोलली की हा कागद बाळंतपणासाठी. आई आणि मूल सुखरूप राहतं. माझी फिझा... पोरगी माझी. नोव्हेंबरात तिला होणार. पहिलंच आहे. म्हणून विचारलं, अजून मिळतो काय असला कागद तुमच्याकडे."

मी डोळे मिटून घेतले. चोरीला कारणही मिळालं. सबनीसांना हे कळलं की पाच वाजायची वाट ते बघणार नाहीत.

"हे दुसऱ्या कोणाला सांगितलंत?"

"विचारलं त्याला सांगितलं. लपवायचं काय त्यात?" तो चिडला. "दुसऱ्याच्या पिराचा कागद चोरून माझ्या पोरीला देऊ? चोरीचं औषध लागतं काय कोणाला? एप्रिलमध्ये मी कायमचा घरी चाललोय, बाय. चोर म्हणून गेलो तर गावात कोणत्या तोंडाने नमाजाला उभा राहू?"

मागे पावलं वाजली. सबनीस दारात उभे होते, आणि त्यांनी बाळंतपणाचं सगळं ऐकलं होतं.

"खलास," ते म्हणाले. "मी आताच फोन करतो."

४

"पाच म्हणाला होतात," मी म्हणाले. "आता अडीच वाजलेत. मला माझी वेळ द्या. चुकीच्या माणसाचं नाव दिलंत तर कंपनी तुमचा क्लेमसुद्धा अडवेल." शेवटचं वाक्य मी थोडं फुगवून बोलले. ते लागू पडलं.

रुहान कॉम्प्युटरसमोर बसून पाय हलवत होता. सव्वीस वर्षांचा, जन्म शारजाचा, आईवडील चिपळूणचे. मी मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देई.

"आय डिडन्ट टेक इट, आँटी. आय स्वेअर."

"मग घाम का फुटलाय?"

एसी चालू होता, आणि याचं कपाळ ओलं होतं. मी गप्प बसून राहिले. गप्प बसलं की तरुण माणसं फार वेळ टिकत नाहीत.

"ओके. ओके, फाइन." त्याने खिशातून मोबाइल काढला. "फोन आत न्यायला परवानगी नाहीये. बट आय टुक वन पिक्चर. इन्स्टावर टाकायला. ते टाकलं, आणि मग डिलीट केलं. सर विल फायर मी."

"दाखव."

त्याचे कामाचे फोटो मी आधीच बघितले होते. त्यात फक्त कागद दिसत होता, आजूबाजूचं टेबल नाही. या मोबाइलच्या फोटोत अर्धं टेबल आलं होतं. वेळ कामाच्या फोटोचीच, दहा बावन्न. सात छोटे साधू. मागे पेटी, मूर्ती, अस्मिताचे ब्रश, काचेची वाटी.

"हे मोठं कर. इथे. वाटी."

वाटी काठोकाठ भरलेली होती. दिव्याचं गोल प्रतिबिंब पाण्यावर तरंगत होतं.

"हे पाणी कसलं रे?"

"डिस्टिल्ड वॉटर. अस्मिता मॅम रोज मॉर्निंगला भरते. पेपर रिपेअरला लागतं."

"आणि सकाळपासून तिने काही रिपेअर केलं?"

"नो. पेटीचंच चाललं होतं ना. टुडे नथिंग." त्याने खांदे उडवले. "तशीही शी इज बीइंग वीअर्ड लेटली. दोन महिने थिनरचं सगळं काम मीच करतोय. एक्स-रे मशीन लावलं की बिल्डिंगच्या बाहेर जाऊन उभी राहते. मायग्रेन म्हणे."

मी तो फोटो माझ्या फोनवर मागवून घेतला आणि पुन्हा त्या खोलीकडे निघाले. वाटीत बोट फिरवून बघितलं. कोरडी ठणठणीत. वाटीभर पाणी एका तासात उडून जात नाही, तेही ओलावा मोजून ठेवलेल्या थंड खोलीत. सांडलं म्हणावं तर टेबलावर आणि जमिनीवर डाग नाही. टिपकागदावर फुगवटा होता, पण तो एका रेषेएवढाच.

मग बाकीचं पाणी गेलं कुठे?

५

मिझुता सान ऑफिसमध्ये खिडकीजवळ ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या, करड्या कोटातल्या, हातातला चहा निवून गेलेला. आम्ही इंग्रजीत बोललो, दोघींचंही बेताचंच.

"या पेटीचं मला सांगा," मी म्हणाले. "चोरीचं नको. पेटीचं."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "माझे खापरपणजोबा यामाबुशी होते. म्हणजे डोंगरात तप करणारे साधू. पण ते नुसते डोंगरात बसत नसत. त्यांची गावं ठरलेली असत. वर्षातून एकदा फेरी. शंख वाजवत यायचे, पाठीवर ही पेटी. आगीसाठी एक कागद, चोरांसाठी एक, देवीच्या साथीसाठी एक. लोक दाराला चिकटवायचे. बदल्यात तांदूळ द्यायचे. पुढे सरकारने या साधूंवर बंदी आणली. पेटी आमच्या माळ्यावर गेली, ती माझ्या लहानपणी खाली आली."

मला आमच्या दारात गुरुवारी येणारे फकीर आठवले, लोबानचा धूर सगळ्या खोल्यांतून फिरवणारे. आई त्यांना तांदूळच द्यायची. पण आठवणी काढायला वेळ नव्हता. सव्वातीन झाले होते.

"आणि हा बारा चित्रांचा कागद? तो दाराला लावायचा?"

"नाही, नाही. हा जिझो. मुलांचा राखणदार. हा दारासाठी नाही."

"मग उशीखाली? गळ्यात?"

माझ्या डोक्यात दुपारपासून एक गोष्ट घोळत होती. चोराने एकच चित्र का नेलं? सोनेरी मूर्ती हाताशी होती, तिला हात लावला नाही. सगळा कागद घडी करून नेता आला असता, तोही नेला नाही. सातातलं एक, फक्त एक. विकायला नेणारा असं करत नाही. गोळ्यांच्या पाकिटातून माणूस एकच गोळी काढतो, कारण त्याला तेवढीच लागते.

मिझुता सान म्हणाल्या, "बायका एक चित्र फाडून घ्यायच्या." त्यांनी दोन बोटांची चिमूट केली, ती जिभेवर ठेवल्यासारखं केलं, निवलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि मान मागे टाकून गिळला.

"असं," त्या म्हणाल्या.

मी उठून उभी राहिले. अख्खी इमारत आम्ही उलटीपालटी केली होती. खिसे, पिशव्या, कचऱ्याचे डबे, एका म्हाताऱ्याचा तावीज. आणि कागद अशा जागी होता जिथे कोणाचीही झडती पोहोचत नाही.

"हे वापरायचं कसं, ते आज तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"कागदावर लिहून दिलं. इंग्रजीत, टाइप करून. प्रदर्शनात लावायची पाटी." त्या जरा विचारात पडल्या. "साडेदहाला दिली. वाचली फक्त एकीने. त्या ब्रश-चिमटेवालीने. दोनदा वाचली."

६

अस्मिता मागच्या बाजूला, ट्रक लागतात त्या धक्क्यावर सापडली. ऊन अजून पांढरंफटक होतं. ती सावलीच्या कडेला उभी राहून कोरडे कुरमुरे एकेक करून खात होती.

मी तिच्यासमोर दुरुस्तीच्या कागदाची एक पट्टी धरली. तिच्याच टेबलावरून उचललेली.

"ही कशी फाडता?"

तिने पट्टीकडे बघितलं आणि हातातले कुरमुरे पिशवीत परत टाकले.

"ब्रशने पाण्याची रेघ ओढायची," ती हळू म्हणाली. "मग अलगद ओढायचं. तंतू तुटत नाहीत, सुटतात."

"म्हणून कड अशी पिंजल्यासारखी होते. सातव्या जिझोची कड अशीच आहे. खाली टिपकागद ओला झाला, तोही एका रेषेत. खैरुद्दीनभाय हातोडीवाला माणूस, रुहान कॅमेरेवाला. ते ओरबाडतील नाहीतर कापतील. शेजारच्या सहांना धक्का लागू नये एवढी काळजी घेणारे हात या इमारतीत दोनच आहेत. आणि दहा बावन्नला वाटी भरलेली होती, तेव्हापासून दुरुस्तीचं काम झालेलं नाही. पाणी प्यायला खोलीत दुसरं काही नव्हतं."

"तुमच्याकडे पुरावा काय आहे?" तिचा आवाज एकदम कडक झाला. "वाटी रिकामी असणं हा गुन्हा आहे?"

"नाही."

"मग मी काहीही सांगणार नाही."

"ठीक आहे." मी घड्याळ बघितलं. "चार वीस. साडेचारला मी रिपोर्ट लिहायला बसेन. त्यात कड लिहीन, वाटी लिहीन, दाराची वेळ लिहीन. थिनर, एक्स-रे, कुरमुरे यातलं काही लिहिणार नाही. ते तुमचं आहे, कंपनीचं नाही. पण आत एक माणूस दुपारपासून खोक्यावर बसलाय आणि त्याला चोर म्हणतायत. तुम्ही त्याला काका म्हणता."

ती धक्क्याच्या कठड्यावर टेकली. बराच वेळ एक ट्रक मागे घेण्याचा आवाज येत राहिला. टूं, टूं, टूं. तो थांबल्यावर ती बोलली.

"अकरा आठवडे. आधी तीन गेली, मॅडम. एक नवव्या आठवड्यात, एक बाराव्या, एक पाचव्या महिन्यात. या वेळी वरदलाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा. त्याचा चेहरा पुन्हा तसा झालेला बघायची हिंमत नाही माझ्यात." तिने नाक पुसलं. "माझ्या घरात देव्हारा नाही. सासूबाईंनी धाडलेला अंगारा मी बेसिनमध्ये सोडला होता. मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. ओलावा बघायलाच गेले होते आत, खरंच. टेबलाजवळ उभी राहिले. आणि वाटलं, दोनशे वर्षं कोणकोणत्या बायकांनी हे केलं असेल, त्याही काय मूर्ख होत्या? मग ब्रश हातात होता. झाल्यावर कळलं, मी काय केलं ते."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणारच होते. सर ओरडायला लागले. मग काकांनी तावीज उघडायला नाही म्हटलं, आणि सगळे तिकडे बघायला लागले." तिने मान खाली घातली. "मला सुटल्यासारखं वाटलं. तेच सगळ्यात वाईट. दोन मिनिटं मला खरंच सुटल्यासारखं वाटलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला होता. पण मग माझा रिपोर्ट मलाच लिहिता आला नसता.

"साडेचारला," मी म्हणाले आणि आत गेले.

७

साडेचारला ती आली नाही. पावणेपाच झाले. मी दोन पानं लिहून तिसरं फाडलं. सबनीस फोन हातात घेऊन टेबलाच्या कडेला बसले होते, खैरुद्दीनला त्यांनी भिंतीशी उभं केलं होतं. मिझुता सान कोणाकडेच बघत नव्हत्या.

पाचला सात मिनिटं कमी असताना दार उघडलं.

अस्मिताने खुर्ची घेतली नाही. "कागद मी घेतला," ती म्हणाली. "गिळला. मला दिवस गेलेत, म्हणून. काकांचा काही संबंध नाही." मग तेच इंग्रजीत, मिझुता सानकडे वळून. त्या भाषेत ते आणखी उघडं वाटलं.

सबनीस टेबलावरून उठले. "गिळला म्हणजे? अस्मिता, दोनशे वर्षांपूर्वीची वस्तू आहे ती! तुझं काम काय आहे इथे? जपायचं काम आहे तुझं!"

"हो, सर."

मिझुता सान उठल्या. चालत तिच्यापर्यंत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. त्या ओरडणार, असं मला वाटलं.

"पाणी पुरेसं होतं का?" त्यांनी विचारलं. "हा कागद घशाला चिकटतो. माझ्या आजीने सांगितलेलं."

अस्मिताने होकारार्थी मान हलवली, आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता.

"मला राग आलाय," मिझुता सान शांतपणे म्हणाल्या. "विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. नक्की नाही म्हटलं असतं. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. ही चोरीच आहे." त्यांनी वस्तूच्या अवस्थेचा तक्ता पुढे ओढला, चष्मा लावला. पाच चित्रं नसल्याची जुनी नोंद होती. तिच्याखाली त्यांनी तारीख घातली आणि सावकाश लिहिलं: एक वापरलं. "नुकसान म्हणून लिहिता येत नाही मला. आधीची पाचही आमच्याच घरातल्या बायकांनी अशीच वापरलीत. क्लेम नको. पोलीस नकोत. पण माझ्या पेटीला या बाईंनी पुन्हा हात लावायचा नाही."

सबनीसांनी कपाळ पुसलं. त्यांनी खैरुद्दीनकडे बघून काहीतरी 'सॉरी' म्हटलं, अर्धवट.

खैरुद्दीनने ते ऐकलंच नाही. तो अस्मिताकडे बघत होता.

"काका," ती म्हणाली.

"बारापासून चोर म्हणून बसवलंय मला," तो म्हणाला. "तू सहा वेळा माझ्यासमोरून गेलीस. मी मोजलं. सहा वेळा." आणि शेडकडे निघून गेला.

अस्मिताने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. सबनीसांनी तो ताबडतोब घेतला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: दावा मागे घेतला, कारण वस्तूच्या मालकिणीला मान्य. वरच्या साहेबांनी दोनदा फोन करून खुलासा मागितला. मी दिला नाही.

८

त्यानंतर माझी आणि अस्मिताची गाठ नाही. नोव्हेंबरात खैरुद्दीनचा मेसेज आला, फिझाला मुलगा झाला, दोघं खुशाल. मी त्याला अस्मिताबद्दल विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी, अकराच्या सुमाराला, अनोळखी नंबरवरून फोन आला. कोणीतरी धापा टाकत मराठीत बोलत होतं. वरद, तिचा नवरा. तो अबूधाबीला साइटवर अडकला होता, दीड तासाच्या रस्त्यावर. अस्मिताला अचानक रक्तस्राव सुरू झालाय, हॉस्पिटलात नेलंय, बत्तीसावा आठवडा आहे. "तिने तुमचा नंबर दिला. तुम्ही जाऊ शकाल का, प्लीज? तिथे कोणीच नाहीये आमचं."

मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. दोन सिग्नल मी मोडले असणार, पुढे त्यांचे दंडही आले. हॉस्पिटलच्या बायकांच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत खैरुद्दीन बसलेला. पायात कामाचे बूट, सदऱ्याला भुसा.

"तुम्ही इथे?"

"पहिला फोन मला केला तिने," तो म्हणाला. "घर जवळ ना गोदामाच्या. ॲम्ब्युलन्सला वेळ लागत होता. गोदामाची व्हॅन काढली, मागे फोम टाकला आणि आणली. फुलदाणी नेतो तशी आणली, बाय. एक धक्का लागू दिला नाय." त्याने सदऱ्यावरचा भुसा झटकला. "आत घेतलंय तिला. तासभर झाला."

आम्ही बसलो. तो उठे, दारापर्यंत जाई, परत येई. मीही उठे. दोघांनाही एका जागी बसवेना. साडेबाराला वरद धावत आला, शर्टावर सिमेंटची धूळ, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता काचेच्या दाराला कपाळ टेकून उभा राहिला.

एक वाजून दहा मिनिटांनी नर्सने दार उघडलं. मुलगी. एक किलो सातशे. श्वास स्वतःचा घेतेय, पण काही आठवडे काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. आई ठीक.

डॉक्टरीणबाई मागून आल्या. त्यांनी गर्भाशयाला घातलेल्या टाक्याचं आणि रोजच्या इंजेक्शनांचं नाव घेतलं, आणि वेळेवर आणलं म्हणून निभावलं, असं म्हणाल्या. वरद भिंतीला पाठ लावून खाली बसला.

संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून अस्मिताला काचेपाशी आणलं. पलीकडे नळ्यांमध्ये मूठभर जीव, डोक्यावर मोजा घातल्यासारखी टोपी. खैरुद्दीन आधीच तिथे उभा होता, दोन्ही हात पाठीमागे.

"काका," ती म्हणाली. "त्या दिवशीचं..."

"ते राहू दे," तो काचेतून नजर न काढता म्हणाला. "राग आहे माझा अजून. तो काय गेलेला नाय. तू जरा सरक, मला पोर दिसत नाय नीट."

ती खुर्चीची चाकं ढकलून बाजूला झाली, आणि तो काचेजवळ वाकला.